एका शेठचं दान, दुसऱ्याचा शेअर: अमळनेरचं प्रकरण

खान्देशात लग्नाची बोलणी बसली की मुलाची नोकरी, शेतीचं बागायत-जिरायत, घर स्वतःचं की भाड्याचं, हे प्रश्न ठरलेले. अमळनेरच्या बाजूला जुन्या माणसांच्या तोंडून मी आणखी एक प्रश्न ऐकला आहे. तो हळू आवाजात यायचा, चहाची बशी खाली ठेवता ठेवता: "घरमा विप्रो शे का?" पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, घरातला कुणी पोरगा बेंगळुरूला इंजिनीअर आहे का, असं विचारताहेत. पण विचारणाऱ्या आप्पांना कॉम्प्युटरशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना माहीत करून घ्यायचं होतं, की या घराच्या ट्रंकेत विप्रोच्या शेअरचा कागद आहे की नाही.

मी वाणिज्य शिकवतो. उद्योगपतींनी आपल्या गावासाठी काय करावं, या विषयावर पुस्तकात जी उदाहरणं असतात ती टाटानगरची असतात, नाहीतर परदेशातली. आमच्या पोरांना ती परकी वाटतात. म्हणून मी अमळनेरचं प्रकरण देतो. एकच तालुक्याचं गाव, आणि तिथे दोन उद्योग दोन वेगळ्या वाटांनी गावाला काहीतरी देऊन गेले. एकाने संस्था दिल्या, दुसऱ्याने भाग, म्हणजे शेअर, दिले. यापैकी कशाने गाव वाढलं, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. माझं मत मी लपवणार नाही, पण आधी हकिकत.

गाडी, कापूस, गिरणी

अमळनेर बोरी नदीच्या काठी आहे. संत सखाराम महाराजांची वाडी आणि वैशाखातली यात्रा ही गावाची जुनी ओळख. पण गावाचं नशीब फिरवलं ते रुळांनी. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून निघून अमळनेरला येऊन टेकली आणि पुढे जळगावच्या बाजूने मोठ्या रेल्वेला जोडली गेली. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६० च्या दशकात, खान्देशच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला होता आणि तेव्हापासून इथला शेतकरी कापसाच्या मागे लागला तो लागलाच. कापूस होता, पण बैलगाडीवर लादून तो किती लांब नेणार? रेल्वे आली आणि जिन-प्रेस उभ्या राहिल्या. सरकी एकीकडे, रुई एकीकडे, रुईच्या गाठी वॅगनमध्ये.

गाठी मुंबईला जाऊन त्यांचं कापड होणार आणि तेच कापड परत गावात विकायला येणार, हा हिशेब ज्याला खुपला असेल त्यांच्यापैकी एक मोतीलाल माणेकचंद. लोक त्यांना प्रतापशेठ म्हणत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी अमळनेरात प्रताप मिल काढली. पुढे धुळ्यालाही त्यांची न्यू प्रताप मिल उभी राहिली. ज्या गावात घड्याळ मोजक्या घरी होतं, तिथे दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालू लागला. सूतखातं, साचेखातं, बदली कामगार, पगाराची तारीख, त्या तारखेवर ठरणारी किराणा दुकानाची उधारी. आसपासच्या खेड्यांतला भूमिहीन माणूस पहिल्यांदा महिन्याच्या पगाराचा माणूस झाला. नुसत्या रोजगाराच्या आकड्यात हे मावत नाही. सावकाराकडे जायची गरज थोडी कमी होणं, पोराला शाळेत ठेवता येणं, हे त्यातच आलं.

गिरणी म्हणजे पुण्याचं काम नव्हे, हेही वर्गात सांगावं लागतं. कापसाची धूळ छातीत जाते, पाळ्या लांब असतात आणि मालक-कामगार संबंध गोडीगुलाबीचे नसतात. शेठने पुढे जे दिलं ते याच नफ्यातून दिलं. दान मोजताना हा खर्चही त्याच पानावर लिहायला हवा.

कापसाच्या गावात अद्वैत

आता या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग. गिरणीमालक शाळा काढतात, दवाखाना काढतात, धर्मशाळा बांधतात, देवळाला कळस चढवतात. प्रतापशेठांनी १९१६ मध्ये अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. पूजेअर्चेचं मंदिर नव्हे, तत्त्वज्ञानाच्या संशोधनाची संस्था. अभ्यासकांना राहायला जागा, खायला जेवण, वर विद्यावेतन, आणि काम एकच: वेदान्त वाचायचा, त्यावर विचार करायचा, लिहायचं. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य, ज्यांचं नाव आधुनिक भारतीय तत्त्वज्ञानात पहिल्या रांगेत घेतात, ते १९३३ ते १९३५ या काळात इथे संचालक होते. घनश्यामदास मलकानी यांनी तर आयुष्याची कित्येक वर्षं इथे घातली. 'फिलॉसॉफिकल क्वार्टरली' हे इंग्रजी त्रैमासिक १९२५ पासून चार दशकं या गावातून निघत होतं. डोळ्यांसमोर आणा: सरकीच्या ढेपेचा वास सुटलेला बाजार, आणि पोस्टाच्या पिशवीत देशोदेशीच्या विद्यापीठांना निघालेलं तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक.

विकासाच्या भाषेत याला काय म्हणायचं? माझे काही विद्यार्थी म्हणतात, उधळपट्टी. ज्या गावात तेव्हा अक्षरओळख मोजक्यांना होती तिथे अद्वैतावर पैसा घालणं म्हणजे काय? प्रश्न रास्त आहे. पण या संस्थेच्या जमाखर्चात एक नोंद अशी आहे, जी शेठच्या मनातही नसणार. १९२३ मध्ये कोकणातला एक तरुण तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला याच संस्थेत आला. तिथे त्याचं मन फार रमलं नाही. १९२४ मध्ये तो गावातल्याच शाळेत मास्तर झाला, छात्रालयाचा अधीक्षक झाला, पोरांची अंथरुणं घालू लागला, त्यांच्यासाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढू लागला. पांडुरंग सदाशिव साने. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले, आणि शेठच्या नावाच्या शाळेतला हा मास्तर पुढे गिरणी कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. १९३८ मध्ये त्यांनी 'काँग्रेस' साप्ताहिक काढलं तेही अमळनेरातून. शेठच्या संस्थेने शेठच्या वर्गाला प्रश्न विचारणारा माणूस गावात आणला! दानाचं हे असंच असतं. एकदा संस्था उभी राहिली की तिथे कोण येईल आणि काय करील, ते दात्याच्या हातात राहत नाही. कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या आजच्या अहवालांत 'अपेक्षित परिणाम' असा रकाना असतो. सानेगुरुजी कोणत्या रकान्यात बसतील?

१९४५ मध्ये प्रताप महाविद्यालय सुरू झालं. खान्देश एज्युकेशन सोसायटीचं हे महाविद्यालय निघालं तेव्हा शेतकऱ्याच्या पोराला पदवीसाठी पुण्या-मुंबईला पाठवणं म्हणजे एक शेत विकणं. घरची भाकर खाऊन, सायकलवर किंवा पॅसेंजरने येऊन शिकता येईल असं कॉलेज तालुक्याच्या गावी आलं. अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव या पट्ट्यातले किती शिक्षक, वकील, तलाठी, बँकवाले या कॉलेजातून निघाले, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण या भागात कुठल्याही सरकारी कचेरीत साठी ओलांडलेल्या माणसाला विचारा, "कॉलेज कुठलं?" उत्तर बहुधा ठरलेलं.

त्याच वर्षी, डिसेंबरात

२९ डिसेंबर १९४५ ला मुंबईचे व्यापारी महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदवली. ब्रह्मदेशातल्या तांदळाच्या व्यापारात त्यांचं नाव होतं. कारखाना अमळनेरात काढला. शेंगदाणा, सरकी आसपास मुबलक, रेल्वे दारात, आणि गिरणीमुळे पाळीवर काम करायची सवय असलेले हात तयार. माल होता वनस्पती तूप, नाव 'सनफ्लॉवर'. गंमत म्हणजे सूर्यफूल तेलबिया म्हणून आपल्याकडे रुजलं ते १९७० च्या आसपास. डब्यावर फूल होतं, आत नव्हतं. शिवाय '७८७' नावाचा कपड्यांचा साबण. तेल गोठवून तूप, तेलाच्या उरल्यासुरल्या मालातून साबण, ही त्या धंद्यातली नेहमीची जोडी.

१९४६ मध्ये कंपनीने लोकांकडून भागभांडवल उभारलं. प्रकरणातला कळीचा मुद्दा इथे येतो. शेअर म्हणजे काय हे तालुक्याच्या गावात त्या काळी किती लोकांना ठाऊक असणार? सोनं कळतं, जमीन कळते, अडत्याकडे ठेवलेली रक्कम कळते. मुंबईच्या कंपनीचा छापील कागद म्हणजे जवळपास देणगीची पावती. तरी हळूहळू, कुठे ओळखीखातर, कुठे भिडेखातर, कुठे कारखान्यात कामाला म्हणून, हे कागद अमळनेरच्या घरांत शिरले. बहुतेकांनी ते ट्रंकेत टाकले, जमिनीच्या उताऱ्यांखाली.

१९६६ मध्ये हाशम प्रेमजी अचानक गेले. एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परत आले. पहिल्याच सभेत एका भागधारकाने उभं राहून त्यांना सांगितलं, की हे तुमच्याने व्हायचं नाही, कंपनी जाणत्या माणसाच्या हाती द्या. हा किस्सा प्रेमजींनी स्वतःच अनेकदा सांगितला आहे. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: १९७७ मध्ये नाव विप्रो प्रॉडक्ट्स, १९८२ मध्ये नुसतं विप्रो. आयबीएम भारतातून गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत तुपाची कंपनी कॉम्प्युटर बनवायला लागली. कंपनीचं डोकं बेंगळुरूला गेलं. अमळनेरात तूप-साबणाचं काम चालूच होतं.

शंभराचे ऐंशी हजार

इथे मी फळ्यावर गणित मांडतो, कारण त्याशिवाय आकडा अंगावर येत नाही. १९९७ च्या सुरुवातीला एखाद्या घरात १० रुपये दर्शनी किमतीचे फक्त १०० शेअर होते असं धरू. त्याआधीही अनेकदा बक्षीस (बोनस) शेअर, म्हणजे जुन्या शेअरमागे कंपनी फुकट देते ते, मिळाले होते, ते सोडून देऊ. १९९७ मध्ये एकाला दोन बक्षीस: झाले ३००. १९९९ मध्ये १० रुपयांचा शेअर फोडून २ रुपयांचे पाच केले: १,५००. २००४ मध्ये पुन्हा एकाला दोन: ४,५००. २००५ मध्ये एकाला एक: ९,०००. २०१० मध्ये तीनाला दोन: १५,०००. २०१७ मध्ये एकाला एक: ३०,०००. २०१९ मध्ये तीनाला एक: ४०,०००. २०२४ च्या डिसेंबरात एकाला एक: ८०,०००. शेअरचा भाव २५० रुपये धरला तर २ कोटी. वरून दरवर्षीचा लाभांश वेगळा. आणि या सगळ्यात त्या घराने केलं काय? काहीही नाही. ट्रंक उघडली नाही, एवढंच.

वर्गात शांतता पसरते. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतो, "सर, आमच्या आजोबांनी विकले होते, विहिरीसाठी." प्रत्येक वर्षी असा एक तरी निघतो. लग्नासाठी विकले, विहिरीसाठी विकले, घराच्या स्लॅबसाठी विकले. न विकणाऱ्यांच्या गोष्टी वर्तमानपत्रात येतात आणि अमळनेर 'करोडपतींचं गाव' म्हणून छापून येतं. विकणाऱ्यांची गोष्ट विहिरीच्या पाण्यासारखी जिरून जाते. पण विचार करा, १९८० मध्ये विहीर खणून ज्याने बागायत केली तो मूर्ख होता का? त्याने त्या पैशातून गावात काहीतरी पिकवलं. ट्रंकवाल्याने राखलं. ट्रंकवाला श्रीमंत झाला, हे खरं. विहीरवाल्याकडे मजूर कामाला आले, हेही खरं.

पैसा घरात आला. गावात आला का?

माझं म्हणणं असं आहे. विप्रोच्या शेअरने अमळनेरातली काही घरं बदलली. पण ही अमळनेरच्या उद्योगाची कमाई नव्हती. ती बेंगळुरूत बसून अमेरिकेतल्या ग्राहकांचं काम करणाऱ्या हजारो इंजिनीअरांची कमाई होती, आणि तिचा वाटा एका ऐतिहासिक योगायोगाने बोरीकाठच्या ट्रंकांमध्ये येऊन पडला. जी संपत्ती गावात निर्माण होत नाही, तिला गावात थांबायचं कारणही नसतं. शेअरवाल्या घरातल्या पोरांनी पुण्यात फ्लॅट घेतले, शिक्षणासाठी परदेशी गेले, आईवडील त्यांच्यामागे गेले. यात गैर काही नाही. कुणीही तेच करील. पण तेव्हा 'गाव श्रीमंत झालं' असं म्हणू नये. गावातली काही माणसं श्रीमंत झाली आणि त्यांतली बरीचशी आता गावात राहत नाहीत.

आणखी एक बारकावा आहे, जो भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. २०१३ मध्ये विप्रोने साबण-दिवे-उपभोग्य वस्तूंचा धंदा वेगळा करून विप्रो एंटरप्रायझेसकडे दिला. ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. भागधारकांना पर्याय दिले होते. ज्यांनी एंटरप्रायझेसचे भाग घेतले नाहीत, त्यांच्या हातातला विप्रोचा शेअर आता निव्वळ आयटी कंपनीचा आहे. म्हणजे आप्पांच्या ट्रंकेतल्या कागदाचा आणि आप्पांच्या घरापासून पायी अंतरावर असलेल्या कारखान्याचा कायद्याने काही संबंध उरलेला नाही. नाव मात्र दोन्हीकडे तेच.

अझीम प्रेमजींनी २०१९ मध्ये आणखी शेअर दानाला लावले. त्यांचं एकूण दान १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या घरात गेलं. भारतात एका माणसाने एवढं दिल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल. त्यांच्या फाउंडेशनचं शाळांमधलं काम मुख्यतः कर्नाटक, राजस्थान, उत्तराखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश या राज्यांत आहे. देशाच्या दृष्टीने ही निवड योग्यच म्हणावी लागेल, गरज जिथे जास्त तिथे जावं. पण दात्याची कंपनी जिथे जन्मली त्या गावाच्या दृष्टीने पाहिलं तर चित्र असं दिसतं, की छोट्या शेठने सगळं गावातच ओतलं आणि मोठ्या शेठचं दान गावावरून उडत गेलं. उद्योग जितका मोठा होतो तितकं त्याचं गाव लहान होत जातं, असा काही नियम असावा का, हा प्रश्न मी परीक्षेत विचारतो.

आणि ट्रंकांचं काय? एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर कागदाच्याच रूपात विकता येत नाही, आधी तो डिमॅट, म्हणजे संगणकावरच्या खात्यात जमा, करावा लागतो. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर तो लाभांश आणि ते शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. परत मिळतात, पण त्यासाठी अर्ज, वारस दाखला, सहीचा दाखला, नावातला फरक मिटवणारं प्रतिज्ञापत्र. खान्देशात नावांचा घोळ तर विचारू नका. सर्टिफिकेटवर इंग्रजीत पाटीलचा पटेल झालेला. आजीचं नाव माहेरचं. रेशन कार्डावर तिसरंच काहीतरी. माझ्या नात्यातल्याच एका घरी ही फाइल तीन वर्षं फिरत होती. मामा म्हणायचे, "कमवायला काही लागलं नाही, पण सोडवायला जन्म लागतो की काय!" एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटने किंवा कॉलेजच्या वाणिज्य शाखेने गावात बसून लोकांची ही कामं स्वस्तात करून दिली, तर गावात येणारा पैसा कुठल्याही नव्या योजनेपेक्षा लवकर येईल. मला वाटतं, हे सहज करण्यासारखं आहे.

दात्यानंतर

प्रतापशेठच्या वाटेलाही मोकळं सोडू नये. गिरणी पुढे बंद पडली, देशातल्या बहुतेक जुन्या कापड गिरण्यांसारखीच. भोंगा थांबला, बदली कामगारांची पोरं सुरतेला निघून गेली. ज्या ताप्ती लाइनवरून कापसाच्या गाठी जायच्या तिच्यावरूनच आज खान्देशची पोरं सुरत-उधन्याच्या कारखान्यांत जातात, जनरल डब्यात दारापर्यंत उभी राहून.

मग कॉलेज कसं टिकलं? शेठच्या दानाने नाही. दान बियाण्यापुरतं होतं. पुढे मास्तरांचे पगार शासनाच्या अनुदानातून आले, आणि म्हणून ते झाड वाढलं. तत्त्वज्ञान मंदिराच्या बाबतीत मागे असं कुणी उभं राहिलं नाही. गिरणीचा पैसा आटला तसा तिथला ओघ आटला. 'फिलॉसॉफिकल क्वार्टरली' १९६० च्या दशकात थांबलं, आणि १९७३ पासून 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टरली' पुणे विद्यापीठातून निघू लागलं, अमळनेरच्या केंद्राचं नाव सोबत ठेवून. नाव राहिलं, कारभार पुण्याला गेला. दोन संस्था, दाता एक, नशीब वेगळं. ज्याला आपल्या गावासाठी काही काढायचं आहे त्याने या जोडीकडे नीट पाहावं: आपण गेल्यावर, धंदा बसल्यावर, हिचा खर्च कोण उचलणार, याचं उत्तर एकीकडे होतं, दुसरीकडे नव्हतं.

तरीही २०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला आलं ते प्रताप महाविद्यालयाच्याच आवारात भरलं. तिथे मांडवात हिंडताना मला जाणवलं, की या गावात चार हजार माणसं एकत्र बसू शकतील अशी जी जागा आहे ती शेठच्या नावाची आहे. विप्रोच्या शेअरमधून अशी एकही जागा उभी राहिलेली मला दाखवता येत नाही. वैयक्तिक देणग्या झाल्या असतील, देवळांना, शाळांना. पण शेअर शेकडो घरांत विखुरलेला आहे आणि त्याच्या मालकांना एकत्र बसायचं कारण कधी पडलंच नाही.

जळगावचा तिसरा मार्ग

तुलनेसाठी मी एक तिसरं नाव घेतो, थोडक्यात, कारण ते प्रकरण स्वतंत्र लिहिण्याजोगं आहे. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी मिळत असताना १९६३ मध्ये त्यांनी घरची ७ हजारांची पुंजी घेऊन रॉकेल विकायला सुरुवात केली. मग शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी. १९७८ मध्ये जळगावचा बंद पडलेला केळी पावडरीचा कारखाना ३० लाखांना घेतला आणि त्यात कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम बनवायला सुरुवात केली. चीक कुठून येणार? शेतकऱ्याकडून. पुढे पाइप, ठिबक, उतिसंवर्धित केळीची रोपं. कंद लावून येणारी केळी अठरा महिने घेई, रोपं आणि ठिबक आल्यावर रावेर-यावलचा शेतकरी वर्षभरात घड कापायला लागला.

इथे शेठ आणि गाव यांचं नातं वेगळं आहे. प्रतापशेठला शेतकऱ्याचा कापूस हवा होता, पण शेतकऱ्याचं उत्पन्न वाढलं काय नि न वाढलं काय, गिरणी चालली असती. जैनांचा माल खपायचा तर शेतकऱ्याच्या हातात पैसा यावाच लागतो, नाहीतर पुढच्या हंगामात तो ठिबक घेणार नाही. धंद्यातच गावाचा विकास गुंतलेला, दान वेगळं काढायची गरज नाही. धोकाही तिथेच आहे. २०१९ मध्ये जैन इरिगेशन ही त्यांनी उभारलेली कंपनी कर्जाच्या अडचणीत सापडली, २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली. एवढ्या शेतकऱ्यांची साखळी एका कंपनीच्या ताळेबंदावर टांगलेली असणं हे सुखाचं नाही. अमळनेरची गिरणी बंद पडली तेव्हा निदान कापूस दुसऱ्या जिनिंगला विकता येत होता.

वर्गातली चर्चा

प्रकरणाच्या शेवटी मी एकच प्रश्न देतो, कारण पाच प्रश्न दिले की पोरं सोप्याला हात घालतात. प्रश्न असा: तुमच्या घरी विप्रोचे ८०,००० शेअर आहेत. तापीवरचं पाडळसऱ्याचं धरण तुमच्या तालुक्यात गेली पंचवीसेक वर्षं अपुरं उभं आहे, बागायत वाढत नाही, भाऊ सुरतेला कामाला आहे. या शेअरचं काय कराल?

उत्तरं दरवर्षी साधारण सारखी येतात. निम्मी मुलं शेअर ठेवतात, लाभांश घेतात. काहीजण पुण्यात फ्लॅट. दोन-तीन हुशार पोरं शेअर तारण ठेवून बँकेकडून कर्ज काढतात आणि डाळ मिल किंवा जिनिंग टाकतात. त्यांना मी विचारतो, कापसाचा भाव पडला तर? ती गप्प बसतात, मग म्हणतात, सर, मग तारण जाईल. एकदा एकाने शाळा काढायची म्हटलं, शेठसारखी.

गेल्या वर्षी पारोळ्याकडची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, प्रश्नच चुकला शे. तुम्ही म्हणता, शेअर तुमच्या घरी आहेत. आमच्या घरी म्हणजे कुणाचे? कागद आजोबांच्या नावे. आजोबा गेले. तीन काका, दोन आत्या. एक काका सुरतेला, एक आत्या नाशिकला. मी शाळा काढायचं ठरवलं तरी आधी बाबांना विचारू, मग त्यांनी भावांना, मग सगळ्यांनी आत्यांना. शेठला कुणाला विचारावं लागलं व्हतं?"

यंदा मी प्रश्न बदलला. आता त्यात आजोबा, तीन काका आणि दोन आत्या आहेत.